सीमा ओलांडणारे नाव

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात भालकी येथे केलेल्या भाषणाचा मजकूर. वक्त्यांनी स्वतः तपासून दिल्याप्रमाणे.)



आपल्या कार्यवाहांनी मला फोनवर विषय सांगितला तेव्हा मी थोडा कचरलोच. दोन राज्यांचे पोलीस एकमेकांना माहिती देतात-घेतात, त्यात आपल्या माणसांच्या माहितीची काळजी कोणी आणि कशी घ्यायची, यावर बोला म्हणाले. मी म्हटले, अहो, लोक मेळाव्याला येतात ते सीमाप्रश्नाचे काय झाले, मराठी शाळांना शिक्षक केव्हा मिळणार, हे ऐकायला. हा विषय कोरडा आहे. त्यावर ते म्हणाले, "वकीलसाहेब, गेल्या दोन वर्षांत या एकाच कामासाठी तुमच्या ओट्यावर किती जण येऊन बसले, तेवढे आठवा." आठवले. म्हणून उभा राहिलो आहे.

त्यातलेच एक प्रकरण सांगतो. गाव सांगत नाही, नाव सांगत नाही. मुलगा आपल्या औराद भागातला, घर जुने, आजोबा पाटीलकीचे. शिक्षण लातूरला, नोकरी पुण्याला लागली. कंपनीने चारित्र्य पडताळणी मागितली. इकडच्या ठाण्यात त्याच्या नावावर काही नाही. आयुष्यात साधा सायकलचा दंड भरलेला नाही. पण पडताळणीत उत्तर आले, गुन्हा दाखल आहे. कुठे? सीमेपलीकडच्या एका ठाण्यात, २०११ साली.

घरात कोणालाच आधी उमज पडेना. मग मुलाच्या आईला आठवले. थोरल्या मुलाचे लग्न पलीकडच्या तालुक्यात झाले होते, ते मोडले. सुनेने माहेरी जाऊन तक्रार दिली. तक्रार खरी की खोटी, त्यात मी जात नाही. अशा खऱ्या तक्रारी मी पुष्कळ पाहिल्या आहेत आणि त्या लढवल्याही आहेत. पण तक्रारीत नवऱ्याबरोबर सासू, सासरे, दोन नणंदा, बाहत्तर वर्षांची आजेसासू आणि हा धाकटा दीर, अशी सहा-सात नावे होती. दीर तेव्हा एकोणीस वर्षांचा, लातूरच्या वसतिगृहात. चार वर्षे तारखा चालल्या. २०१५ साली कोर्टाने सगळ्यांची निर्दोष मुक्तता केली. सुनेचे दुसरे लग्न झाले, थोरल्याचेही झाले, दोन्ही घरे ते विसरून गेली. फक्त संगणक विसरला नाही.

मुलाचे वडील माझ्याकडे आले आणि म्हणाले, "साहेब, कोर्टाने सोडलं म्हणजे सुटलो ना आम्ही?" मी कायद्याचे उत्तर दिले, हो, सुटलात. पण गुन्हा नोंदवला गेल्याची बातमी सीमा ओलांडून इकडे आली होती, आणि सुटल्याची बातमी मात्र पलीकडच्या कोर्टाच्या दप्तरातच राहिली होती. आज मला जे सांगायचे आहे ते एवढेच आहे. आरोप दोन्ही राज्यांत फिरतो, निकाल जिथल्या तिथे बसून राहतो.

आता कोणी असे समजू नये की मी पोलिसांच्या सहकार्याच्या विरोधात बोलायला आलो आहे. सीमेवर राहणाऱ्या माणसाला ते सहकार्य इतर कोणाहीपेक्षा जास्त हवे असते. इथून उदगीर, देवणी, निलंगा, देगलूर, उमरगा, अक्कलकोट, आणि दुसऱ्या बाजूला जहीराबाद, नारायणखेड. तासा-दोन तासांत माणूस तीन राज्ये फिरून येतो, मग चोर का फिरणार नाही? १६ जानेवारी २०२५ ला बीदरमध्ये भर दिवसा एटीएमची रोकड नेणाऱ्या कर्मचाऱ्यांवर गोळ्या झाडून पैसे लुटले गेले, एका माणसाचा जीव गेला, आणि त्याच दिवशी ते लुटारू हैदराबादला पोचून तिथेही गोळीबार करून पसार झाले. संशय बिहारच्या टोळीवर. अशा वेळी कर्नाटकाच्या पोलिसांनी तेलंगणाला आणि बिहारला पत्र लिहून आठ दिवस उत्तराची वाट पाहायची काय? फोटो, बोटांचे ठसे, मोबाईलचे नंबर तासाभरात पलीकडे गेलेच पाहिजेत.

दुसरेही उदाहरण आहे. डॉ. दाभोलकरांचा खून पुण्यात २०१३ साली झाला, कॉम्रेड पानसरे यांच्यावर कोल्हापुरात आणि डॉ. कलबुर्गी यांच्यावर धारवाडात गोळ्या झाडल्या गेल्या त्या २०१५ साली, आणि गौरी लंकेश यांचा खून बंगळूरला २०१७ साली. दोन राज्यांतले हे चार गुन्हे वेगवेगळ्या ठाण्यांच्या कपाटांत पडून राहिले असते तर त्यांचा एकमेकांशी मेळ लागलाच नसता. काडतुसांचे अहवाल एकमेकांशी ताडून पाहिले, कर्नाटकाच्या विशेष तपास पथकाकडची माहिती महाराष्ट्राच्या पथकाला मिळाली, तेव्हा २०१८ साली धागे जुळू लागले. हे सहकार्य झाले हे चांगलेच झाले. उशिरा झाले, एवढीच तक्रार.

तेव्हा माहिती द्यावी-घ्यावी, याबद्दल वाद नाही. कोणती द्यावी, कशासाठी द्यावी, ती किती दिवस ठेवावी आणि चुकली तर कोणी दुरुस्त करावी, याबद्दल मात्र पुष्कळ बोलायचे आहे, कारण त्याबद्दल कोणी बोलत नाही.

आपल्या भागाला ही गोष्ट नवीन नाही. निजामाच्या राज्यात ठाण्याच्या मुख्याला अमीन म्हणत. हैदराबाद संस्थानातला आरोपी सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजी मुलखात, पळून गेला तर त्याला परत आणायला १९०३ चा एक्स्ट्रॅडिशन ॲक्ट होता. कागद रेसिडेन्सीमार्फत फिरत, वॉरंटावर गोऱ्या अधिकाऱ्याची सही लागे. रझाकारांच्या दिवसांत आपली कितीतरी कुटुंबे रात्रीतून सोलापूर, बार्शी, अक्कलकोटच्या बाजूला गेली, त्यांना या सहीचा आधार होता असे मी म्हणणार नाही. पोलीस कारवाई होईपर्यंत त्यांना देवाचाच आधार होता. पण मागणी लेखी असावी लागे, ती कोणी केली ते कागदावर दिसे. आज दोन ठाण्यांच्या मध्ये तेवढाही अडसर नाही.

१ नोव्हेंबर १९५६ ला जुना बीदर जिल्हा तीन तुकड्यांत वाटला गेला. उदगीर, अहमदपूर, निलंगा तिकडे गेले, जहीराबाद, नारायणखेड आंध्रात गेले, आणि बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद आपण इकडे राहिलो. जमीन वाटली गेली, दप्तरे वाटली गेली, पण सोयरीक वाटता आली नाही. रोटी-बेटी व्यवहार तसाच चालू आहे. त्यामुळे इतरांच्या घरात एका राज्याच्या पोलिसांकडे नाव असते, आपल्या घरात दोन राज्यांच्या, काहींच्या तीन राज्यांच्या. ही आपली खास अडचण आहे आणि बंगळूरला किंवा मुंबईला बसलेल्या माणसाच्या ती लक्षात येण्यासारखी नाही.

आणि नावांचा घोळ तर विचारू नका. एकच आडनाव इकडे बिरादार आणि तिकडे बिराजदार. महाराष्ट्रात स्वतःचे नाव, मग वडिलांचे, मग आडनाव. इकडे कानडी कागदात नावापुढे 'तंदे' लिहून वडिलांचे नाव, आडनाव कधी असते कधी नसते. आजोबांच्या जमिनीचे कागद उर्दूत, वडिलांची शाळेची नोंद मराठीत, मुलाचे आधार कानडी-इंग्रजीत. उर्दूतला माणिकराव मराठीत माणिकराव राहिला, पण इंग्रजीत त्याची तीन स्पेलिंगे झाली. सीमेच्या दोन्ही बाजूंना शिवाजी माणिकराव नावाची किती माणसे असतील? त्यातला एक जण वॉरंटातला असेल तर बाकीच्यांनी काय करायचे? माझ्याकडे असाही एक आला होता. दुकानदार, पन्नाशीचा. पलीकडचे पोलीस दारात आले तेव्हा गल्ली गोळा झाली. वॉरंटातला माणूस तीस वर्षांचा निघाला, पोलीस "सॉरी काका" म्हणून गेले. चांगले होते बिचारे. पण गल्लीने पाहिले ते पाहिलेच.

आता ही यंत्रणा चालते कशी, ते थोडक्यात सांगतो. मुंबईवर २००८ साली हल्ला झाला, त्यानंतर २००९ साली केंद्र सरकारने दोन हजार कोटी रुपयांची एक योजना मंजूर केली, तिला सीसीटीएनएस म्हणतात. देशातली सगळी पोलीस ठाणी एका जाळ्यात जोडायची, एफआयआर, अटक, दोषारोप सगळे संगणकावर. पुढे कोर्ट, तुरुंग, फोरेन्सिक हेही त्याला जोडण्याचे काम सुरू झाले. २०१६ साली सुप्रीम कोर्टाने सांगितले की, एफआयआर चोवीस तासांत वेबसाईटवर टाका. लैंगिक गुन्हे वगैरे नाजूक प्रकरणे वगळून. आरोपीला आपल्यावर काय आरोप आहे ते कळावे, हा त्यामागचा चांगला हेतू होता. त्याचा दुसरा परिणाम असा की, ते शेजाऱ्यालाही कळते. १ जुलै २०२४ पासून नवीन संहिता लागू झाली, तिच्यात हद्द कुठलीही असो, तक्रार कोणत्याही ठाण्यात देता येते. पुण्यात दिलेली तक्रार भालकीला येते. स्त्रियांना, अडलेल्या माणसाला याचा मोठा फायदा आहे, तो आपण नाकारू नये. पण त्याबरोबर नावांची ये-जाही वाढली.

त्यानंतर ठसे. १९२० चा इंग्रजांचा कायदा जाऊन २०२२ साली नवीन ओळख कायदा आला, तो त्या वर्षी ४ ऑगस्टपासून लागू आहे. बोटांचे, तळव्यांचे, पायांचे ठसे, फोटो, डोळ्यांच्या बुबुळांचे चित्र, रक्ताचे नमुने, सही, हस्ताक्षर, हे सगळे घेता येते. दिल्लीच्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागात ते पंचाहत्तर वर्षे ठेवायचे आणि कोणत्याही राज्याच्या पोलिसांना देता येते. पंचाहत्तर वर्षे! विशीतल्या पोराचे ठसे घेतले तर त्याच्या पणतवंडाच्या बारशापर्यंत ते दिल्लीत राहतील. त्याच कायद्यात एक चांगले कलमही आहे. ज्याला आधी कधी शिक्षा झालेली नाही असा माणूस खटल्याविना सुटला किंवा अपिलापर्यंत जाऊन निर्दोष ठरला, तर त्याची नोंद नष्ट करायची, कोर्टाने कारण लिहून वेगळा हुकूम दिला नसेल तर. पण नियमांत पाहिले तर त्यासाठी राज्याने नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे विनंती करावी लागते. म्हणजे सुटलेल्या माणसानेच जाऊन सांगायचे की, मी सुटलो. आता मला सांगा, औरादच्या माणसाचे ठसे पलीकडच्या ठाण्यात घेतले असतील तर त्याने विनंती करायची ती मुंबईला की बंगळूरला? ठसे घेणाऱ्या राज्याकडे, हे उत्तर मी वकील म्हणून देईन. पण ते राज्य सामान्य माणसाला भेटते ते खिडकीतून, आणि ती खिडकी दुसऱ्या जिल्ह्यात असते.

कोणी म्हणेल, आता तर माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे. झाला आहे, ऑगस्ट २०२३ मध्ये. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. बँक, दवाखाना, मोबाईल कंपनी यांच्याकडून आपली माहिती पाहण्याचा आणि दुरुस्त करून घेण्याचा हक्क तो देतो. पण त्याचे सतरावे कलम वाचा. गुन्ह्याचा प्रतिबंध, तपास आणि खटला यासाठी वापरलेल्या माहितीला हे हक्क लागू नाहीत. माहिती फुटू नये म्हणून सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी तेवढी शिल्लक राहते. ती बरोबर आहे की नाही, हे पाहण्याची मागणी त्या कायद्याखाली करता येत नाही. तपास चालू असताना आरोपीला फाईल दाखवावी, असे मी म्हणत नाही. पण तपास संपून दहा वर्षे झाली तरी दरवाजा बंदच?

आणि याच कर्नाटकाने देशाला खाजगीपणाचा हक्क मिळवून दिला, हे आपण विसरतो. के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती. ऐंशी पार केल्यावर २०१२ साली त्यांनी सुप्रीम कोर्टात अर्ज केला, आणि २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की, खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. सरकारला त्यात हात घालायचा तर कायदा हवा, योग्य कारण हवे, आणि कारणापुरताच हात घालावा. २०२४ साली ते गृहस्थ वारले. आपल्या किती जणांना त्यांचे नाव ठाऊक होते?

चुकीची माहिती सीमा ओलांडते तेव्हा काय होते, त्याची एक मोठी गोष्टही कर्नाटकातल्याच माणसाची आहे. डॉ. मोहम्मद हनीफ. बंगळूरला शिकलेला डॉक्टर, ऑस्ट्रेलियात नोकरी करीत होता. ३० जून २००७ ला स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या विमानतळावर जळती जीप घुसवली गेली. त्या कटातल्या लोकांशी हनीफ यांचे नाते होते, दूरचे भाऊ. इंग्लंड सोडताना त्यांनी आपले मोबाईलचे सिमकार्ड एका भावाला दिले होते. एवढेच. २ जुलैला ब्रिस्बेनच्या विमानतळावर त्यांना पकडले. आरोप न ठेवता बारा दिवस ठेवले. मग कोर्टात सांगितले गेले की, यांचे सिमकार्ड त्या जळत्या जीपमध्ये सापडले. प्रत्यक्षात ते सापडले होते लिव्हरपूलमध्ये, त्या भावाकडे, घटनेच्या जागेपासून शेकडो किलोमीटर दूर. दोन देशांचे पोलीस एकमेकांशी बोलत होते, आणि तरीही माहिती इकडून तिकडे जाताना एक ठिकाण चुकले. जामीन मिळाला त्याच दिवशी व्हिसा रद्द झाला. २७ जुलैला आरोप मागे घेतले. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलिया सरकारच्या चौकशीने चूक कबूल केली, आणि २०१० साली नुकसानभरपाई दिली.

हे प्रकरण मी मुद्दाम सांगितले. हनीफ यांच्यामागे वकील होते, वर्तमानपत्रे होती, दोन सरकारे होती. म्हणून पंचवीस-सव्वीस दिवसांत चूक उघड झाली. बसवकल्याणच्या ऊसतोड मजुराच्या मागे कोण आहे?

मग दुसरीकडे याचा बंदोबस्त कसा केला आहे? युरोपात पुष्कळ छोटे देश एकमेकांना लागून आहेत, आपल्या तालुक्यांसारखे. २७ मे २००५ ला जर्मनीतल्या प्र्यूम नावाच्या लहान गावी सात देशांनी एक करार केला. त्यातली एक युक्ती मला फार आवडली. एका देशाचे पोलीस दुसऱ्या देशाच्या संग्रहात ठसा किंवा डीएनए टाकून विचारू शकतात. उत्तर येते फक्त, जुळले किंवा जुळले नाही. नाव येत नाही, पत्ता येत नाही. जुळले तर मग लेखी मागणी करायची, कोणता गुन्हा, कशासाठी, आणि त्यानंतर नाव. कोणी केव्हा विचारले याची नोंद राहते. घरात डोकावण्याआधी दार वाजवावे, तसे हे. २०१६ साली युरोपने पोलिसांच्या माहितीसाठी वेगळा नियम केला. त्यात आरोपी, शिक्षा झालेला, फिर्यादी, साक्षीदार यांची माहिती शक्यतो वेगवेगळी ठेवा, आणि ठोस गोष्ट कोणती व कोणाचे मत कोणते हे ओळखू यावे, असे सांगितले आहे. तिकडे सगळे आलबेल आहे, असे नाही. पण नियम तरी लिहिलेला आहे.

मघाशी चहाच्या वेळी आपल्यातल्या एका काकांनी मला विचारले, "अरे, ते वेगळे देश. आपला देश एक, राज्यघटना एक. कर्नाटक आणि महाराष्ट्र यांच्यात करार कसला आलाय?" प्रश्न रास्त आहे. पण घटनेच्या सातव्या परिशिष्टात पोलीस हा विषय राज्यांच्या यादीत आहे. दोन राज्यांचे पोलीस म्हणजे दोन सरकारांचे नोकर, दोन गृहमंत्र्यांना जबाबदार. चूक झाली तर एक म्हणतो त्यांच्याकडून आली, दुसरा म्हणतो आम्ही तर फक्त दिली. माझ्या त्या अशिलाने याच दोन वाक्यांच्या मध्ये सात महिने येरझारा घातल्या.

आणि करार नाही, असेही नाही. निवडणुका आल्या की सीमाभागातल्या जिल्ह्यांच्या पोलिसांच्या संयुक्त बैठका होतात, फरारींच्या, तडीपारांच्या याद्यांची देवाणघेवाण होते. डिसेंबर २०२२ मध्ये बेळगावच्या सीमेवर तणाव वाढला, गाड्या फोडल्या गेल्या, तेव्हा १४ डिसेंबरला दिल्लीत केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना बसवून घेतले. दोन्ही बाजूंचे तीन-तीन मंत्री, कायदा-सुव्यवस्थेसाठी वरिष्ठ आयपीएस अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली समिती, आणि नेत्यांच्या नावाने काढलेल्या खोट्या ट्विटर खात्यांवर गुन्हे, असे त्या बैठकीनंतर जाहीर झाले. शांतता हवीच होती. परंतु अशी समिती सीमेवरच्या लोकांबद्दलची कोणती माहिती एका राज्याकडून दुसऱ्याला देईल, आंदोलनात घोषणा देणाऱ्याचे नाव आणि दरोडेखोराचे नाव एकाच यादीत जाईल काय, याच्या अटी त्या जाहीर केलेल्या मुद्द्यांत नव्हत्या.

हा प्रश्न आपल्या दाराशी आहे. या सभागृहात असे किती जण बसले आहेत ज्यांच्यावर जमावबंदी मोडल्याचा, विनापरवाना मिरवणुकीचा गुन्हा कधी ना कधी नोंदला गेला? हात वर करू नका, मला माहीत आहे. आपण ते अभिमानाने सांगत आलो. पण नातवाच्या पासपोर्टच्या वेळी त्या नोंदीने घरी येऊ नये, एवढी काळजी घेण्यात काही कमीपणा नाही.

जुन्या घरांमध्ये एक समज असतो की पोलिसांच्या याद्या या आपल्यासाठी नसतात, त्या इतरांसाठी. मला यावर स्पष्ट बोलू द्या. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जातीच्या जाती गुन्हेगार म्हणून वहीत लिहिल्या. सोलापूरला त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाची वसाहत होती. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, पण चोरी झाली की आजही पारध्याच्या पालावर आधी कोण जाते ते आपण पाहतो, आणि आपण गप्प बसतो. त्यांची यादी बिनचूक असावी असे आपल्याला कधी वाटले नाही. आता यादी आपल्या पोरापर्यंत आली म्हणून मेळाव्यात विषय आला. आला हे चांगले, पण मागणी करायची तर ती पालावरच्या माणसासाठीही करायची.

आणि मागणीला आधार आहे. ७ मे २०२४ ला सुप्रीम कोर्टाने दिल्लीच्या एका आमदाराच्या प्रकरणात पोलिसांच्या हिस्टरी शीटबद्दल निकाल दिला. लहान मुलांची नावे विनाकारण त्यात घालू नका, हा कागद पोलिसांच्या अंतर्गत कामाचा आहे, तो बाहेर फिरता कामा नये, वरिष्ठ अधिकाऱ्याने वेळोवेळी तपासून निर्दोष लोकांची नावे काढावीत. ते दिल्लीपुरते न ठेवता कोर्टाने सगळ्या राज्यांना असा विचार करायला सांगितले. बंगळूरने काय विचार केला आणि मुंबईने काय केला, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे.

म्हणून मंडळाने दोन्ही गृहखात्यांना एक निवेदन द्यावे, असे माझे म्हणणे आहे. भाषेचा, सीमेचा वाद त्यात आणू नये. नाही तर ते त्याच फाईलला लागेल आणि वीस वर्षांनी उघडेल. २००४ पासून सुप्रीम कोर्टातला दावा कुठे आहे ते आपण पाहतोच. निवेदनात साध्या गोष्टी मागाव्यात. एका राज्याने दुसऱ्याला नाव पाठवले तर ते कोणत्या ठाण्याने, केव्हा आणि कोणत्या कामासाठी पाठवले ते नोंदीवर असावे. त्या नावावर वडिलांचे नाव आणि जन्मवर्ष नसेल तर नुसत्या नावावरून दारात येऊ नये. कोर्टाचा निकाल लागला की ज्याने गुन्हा पाठवला त्यानेच निकालही पाठवावा, आरोपीच्या अर्जाची वाट पाहू नये. साक्षीदार, फिर्यादी आणि घरच्या मुलाबाळांची नावे आरोपींच्या यादीबरोबर जाऊ नयेत. आणि बीदर, कलबुर्गी, लातूर, सोलापूर, धाराशिव, नांदेड या जिल्ह्यांत प्रत्येक पोलीस मुख्यालयात एक माणूस असा असावा की, पलीकडच्या राज्यातल्या चुकीच्या नोंदीचा अर्ज तो इथे घेईल आणि तिकडे पाठवेल. कानडी आणि मराठी, दोन्हीत. या शेवटच्या मागणीला खर्च जवळजवळ नाही. म्हणून मी तिच्यावर सगळ्यात जास्त जोर देईन.

माझ्या अशिलाचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. पलीकडच्या ठाण्यात एक वयस्कर हवालदार भेटला. त्याने निकालाची नक्कल नीट वाचली, गुन्ह्याचा नंबर शोधला आणि म्हणाला, "अहो, दोषारोप पाठवल्याचं भरलंय, निकालाचा रकाना कोराच आहे." वरिष्ठांची सही घेऊन तो भरायला त्याला एक दुपार लागली. पोराची ती नोकरी तोवर गेली होती. दुसरी मिळाली, पगार कमी आहे.

तेव्हा निवेदनाची वाट न पाहता घरी गेल्यावर एक काम करा. दोन्ही राज्यांत कुठेही जुने प्रकरण झाले असेल, लग्नाचे, बांधाचे, मिरवणुकीचे, तर निकालाची सही-शिक्क्याची नक्कल आहे काय ते कपाटात पाहा. नसेल तर त्या कोर्टात नकलेचा अर्ज द्या. तारीख आणि केस नंबर नसला तरी चालेल, पक्षकारांची नावे आणि साधारण वर्ष लागेल. ज्यांना तेही आठवत नाही त्यांनी बाहेर टेबलावर आपले नाव आणि गाव लिहून द्यावे. ते कागद माझ्याजवळच राहतील, आणि काम झाले की फाडून टाकीन.